विषय: न्यू जर्सीत १० जून २०२५ची गव्हर्नरपदाची प्रायमरी (पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक) – ज्येष्ठ गटाची टपाली पाकिटं कोण नेणार?

शिरीष, रविवार १ जून

मंडळी, नमस्कार. ज्येष्ठ गटात बऱ्याच जणांची मेल-इन बॅलट्स भरून तयार आहेत, पण पोस्टात टाकायला मन धजत नाही. शुक्रवारच्या बैठकीला येताना सगळ्यांनी पाकिटं चिकटवून आणा. घरी जाताना मी एकदमच ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे टपाली मतांच्या पेटीत, टाकतो. ज्यांना गाडीने यायचंय त्यांनी नेहमीप्रमाणे वसंतकाकांना फोन करा.

मेधा, रविवार १ जून

शिरीषदादा, थांबा. न्यू जर्सीत एका माणसाला दुसऱ्यांची जास्तीत जास्त तीनच बॅलट्स नेता येतात. एकाच घरात राहणारे जवळचे कुटुंबीय असतील तर पाच. आणि नेणाऱ्याला पाकिटावरच्या ‘बेअरर’च्या चौकटीत स्वतःचं नाव-पत्ता लिहून सही करावी लागते, तीही मतदारासमोर. गठ्ठा करून नेला तर तुम्ही अडचणीत याल आणि काका-काकूंची मतं धोक्यात येतील. कृपा करून शुक्रवारी पाकिटं गोळा करू नका.

शिरीष, रविवार १ जून

मेधा, नियम असेल, पण अडचण खरी आहे ना? निम्म्या लोकांनी गाडी चालवणं सोडलंय. मुलं सकाळी सातला ऑफिसला जातात. इथे कोण कोणाची मतं चोरणार आहे? आपण एकमेकांना ओळखतो. कुमुदकाकूंच्या घरापासून ड्रॉप बॉक्स कुठे आहे ते बघ, मग बोल.

मेधा, रविवार १ जून

ओळखीचा प्रश्नच नाही. पॅटर्सनमध्ये मे २०२० ला नगरपरिषदेची निवडणूक पूर्ण टपालाने झाली. गैरप्रकारांचे आरोप झाले आणि एका वॉर्डाची निवडणूक न्यायालयाने पुन्हा घ्यायला लावली. तिथेही सगळे एकमेकांना ओळखतच होते. आपल्या माणसांची मतं मोजली जायला हवीत, म्हणून सांगतेय.

कुमुदकाकू, सोमवार २ जून

माझं पाकीट सूनबाई टाकणार आहे, माझी काळजी नको. पण सहीचं बघा कुणीतरी. आतल्या पाकिटाला जो कागद जोडलेला असतो त्यावर सही करायची आणि तो फाडायचा नाही, हे आमच्या गटात अर्ध्यांना माहीत नाही. दुसरं म्हणजे आमच्यातले काही मराठीत सही करतात, काही इंग्रजीत, आणि बँकेत वेगळीच. सही नोंदणीच्या कागदावरच्या सहीशी ताडून बघतात. नोंदणीच्या वेळी जी केली तीच करा. आमच्या ह्यांनी नागरिकत्वाच्या वेळी हळूहळू, एकेक अक्षर सुटं काढून सही केली होती. आता हात थरथरतो आणि एकाच रेघेत सही होते. तसं झालं तर काउंटीकडून पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ते पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नका.

अनघा, सोमवार २ जून

काकू, सहीचं सांगितलंत ते फार बरं केलंत, मी आजच सासऱ्यांची तपासते.

पाकिटं नेईल कोणीतरी. पण आत काय भरायचं ते किती जणांनी ठरवलंय? दुकानात, देवळात, मुलांच्या मराठी शाळेबाहेर, सगळीकडे मी हेच विचारतेय. उत्तर एकच: ‘पक्षाने कोणाला पाठिंबा दिलाय?’ हे मला पटत नाही, यंदा तर अजिबात नाही. वर्षानुवर्षं काउंटीतल्या पक्षाच्या पुढाऱ्यांचे उमेदवार बॅलटवर एका सरळ रांगेत यायचे आणि बाकीचे कुठल्यातरी कोपऱ्यात. त्या ‘लाइन’विरुद्ध तेव्हाचे खासदार अँडी किम २०२४ मध्ये कोर्टात गेले. २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशींनी ती पद्धत त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती रोखली. आता कायदाच बदललाय. यंदा गव्हर्नरपदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत आहेत. गव्हर्नर मर्फींची दुसरी टर्म संपतेय, त्यांना लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. इतका मोकळा बॅलट हातात आलाय तर आपण डेमोक्रॅटिक पक्षाच्या सहाही जणांना नीट बघायला नको का?

मी बघतेय ते माझ्या तीन गोष्टींसाठी. पहिली, विजेचं बिल. कालपासून दर १७ ते २० टक्क्यांनी वाढलेत. मूळ कारण गेल्या वर्षीच्या जुलैतल्या पीजेएमच्या, म्हणजे आपली वीज-ग्रिड चालवणाऱ्या संस्थेच्या, लिलावात आहे, पण पुढचा गव्हर्नर त्याबद्दल काय करणार हे मला ऐकायचंय. दुसरी, रेल्वे. १६ मेला एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेचालकांचा संप सुरू झाला. १९८३ नंतरचा हा पहिला रेल्वे संप. मेट्रोपार्क स्टेशनवरून जाणारे आपले किती जण अडकले ते तुम्हाला माहीतच आहे. तिसरी, प्रॉपर्टी टॅक्स. सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलाय.

मला मिकी शेरिल आवडतात. नौदलाच्या हेलिकॉप्टर पायलट, मग सरकारी वकिलीचं काम, २०१८ मध्ये रिपब्लिकनांकडे वर्षानुवर्षं असलेली जागा त्यांनी जिंकली. माणूस म्हणून भरवसा वाटतो. पण वीज आणि रेल्वे या दोन्हींवर त्यांच्याकडून मला हवं तेवढं ठोस ऐकायला मिळालेलं नाही. जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलॉप लवकर उभे राहिले, विषयवार आराखडे मांडले, टर्नपाइक महामार्गाच्या न्यूअर्क बे एक्स्टेंशनचं रुंदीकरण नको, सार्वजनिक वाहतुकीकडे बघा असं स्पष्ट बोलले. पुढाऱ्यांच्या मेहेरबानीवर चालायचं नाही हेही त्यांनी सुरुवातीपासून सांगितलंय. माझं मत फुलॉपना. तुम्हाला दुसरं कोणी पटत असेल तर जरूर द्या, पण स्वतः वाचून द्या.

वसंतकाका, सोमवार २ जून

अनघा, छान लिहिलंस, पण रास बराकांना एका ओळीतही जागा दिली नाहीस. ९ मेला न्यूअर्कच्या डेलेनी हॉलबाहेर, इमिग्रेशनच्या त्या डिटेन्शन सेंटरपाशी, त्यांना अटक झाली. पुढे तो आरोप मागे घेतला गेला. आज या देशात परदेशातून आलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहून अंगावर घेणारा उमेदवार दुसरा कोण आहे? मी १९७८ साली आलो तेव्हा व्हिसाच्या कागदापायी रात्र-रात्र झोप लागायची नाही. आपली ग्रीन कार्डं झाली, नागरिकत्वं झाली, म्हणून तो प्रश्न संपला नाही. आपल्यातच एच-वन व्हिसावर अडकलेली मुलं आहेत. बराका शाळेचे प्राचार्य होते, न्यूअर्कचे महापौर आहेत. माझं मत त्यांना.

विनायक, सोमवार २ जून

काका, आदर आहे, पण राज्यात कर कुणी वाढवले तेही बघा. मी रिपब्लिकन प्रायमरीत मत देणार आहे. जॅक चिटरेली २०२१ मध्ये मर्फींकडून जेमतेम तीन टक्क्यांनी हरले. आता राष्ट्राध्यक्षांचा पाठिंबाही मिळालाय. रेडिओवाले बिल स्पाडेया आवाज मोठा करतात, पण राज्याचं बजेट त्यांनी हाताळलेलं नाही. चिटरेली असेंब्लीत होते, अकाउंटंट आहेत, आकडे समजतात. दुसरे उमेदवार गॉटहायमर डेमोक्रॅट असूनही कर जवळजवळ १५ टक्के कमी करायचं बोलतायत, म्हणजे प्रश्न खरा आहे हे त्यांनाही मान्य आहे.

राजश्री, सोमवार २ जून

विनायक, पण ‘स्टे एनजे’ विसरू नका. ६५ वर्षांवरच्यांचा निम्मा प्रॉपर्टी टॅक्स, कमाल ६,५०० डॉलर. आपल्याच काउंटीतले, असेंब्लीचे सभापती क्रेग कॉफलिन त्याच्या मागे लागले होते. माझ्या आईबाबांना घर विकून फ्लोरिडाला जायचं नाहीये, त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. पैसे पुढच्या वर्षापासून मिळायचेत, म्हणून नवा गव्हर्नर ते चालू ठेवतो की नाही हाच माझा प्रश्न.

आणि एक विचारायचंय. मी कुठल्याच पक्षात नोंदलेली नाही. मला मत देता येईल का? कोणी म्हणतं, ५५ दिवस आधी फॉर्म भरायला हवा होता.

मेधा, मंगळवार ३ जून

राजश्री, ५५ दिवसांचा नियम एका पक्षातून दुसऱ्यात जाणाऱ्यांना आहे. तू ‘अनअफिलिएटेड’ आहेस, तर मतदान केंद्रावरच पक्ष सांगायचा आणि त्याच पक्षाचा बॅलट मिळतो. त्यानंतर तुझी नोंद त्या पक्षात होते. नको असेल तर नंतर फॉर्म भरून पुन्हा बाहेर पडता येतं. राज्यात वीस लाखांहून जास्त लोक तुझ्यासारखे आहेत आणि बहुतेक जण याच गैरसमजाने घरी बसतात. आजपासून रविवार ८ तारखेपर्यंत अर्ली व्होटिंग आहे, काउंटीतल्या कुठल्याही अर्ली केंद्रावर जाता येतं. रविवारी सहाला बंद होतं, तेवढं लक्षात ठेव.

सुहास (यादी व्यवस्थापक), मंगळवार ३ जून

सर्वांना नम्र विनंती. मंडळ ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. १९५४ पासून अशा संस्थांना कोणाही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहायला बंदी आहे. तारखा, नियम, ड्रॉप बॉक्स यावर जरूर लिहा. ‘माझं मत अमक्याला’ हे मंडळाच्या यादीवर नको. शुक्रवारच्या बैठकीतही कोणी पत्रकं वाटू नयेत, सभागृह मंडळाच्या नावावर आहे.

अनघा, मंगळवार ३ जून

सुहास, पत्रकांचं अगदी मान्य. मंडळाच्या व्यासपीठावरून कोणाचा प्रचार होऊ नये, हेही मान्य. पण इथे मी माझ्या नावाने, माझ्या मताबद्दल लिहितेय. मंडळाने काही म्हटलेलं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पुढारी हार घालून घेतात तेव्हा आपण त्यांच्याबरोबर फोटो काढतो, आणि ते राज्य कसं चालवणार हे विचारायची वेळ आली की गप्प बसायचं? वाटल्यास यादीबाहेर वेगळा गट काढा, मी तिथे लिहीन. पण आपल्या लोकांनी यावर मोकळेपणाने बोलावं असं मला मनापासून वाटतं.

वसंतकाका, मंगळवार ३ जून

सुहासचं बरोबर आहे, मंडळाला धोका नको. नवा गट मी काढतो. आणि अनघा, शेरिल-फुलॉप करता करता स्टीव्ह स्वीनींनाही बघ. बारा वर्षं राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते आणि २०२१ मध्ये एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना हरवलं. न्यू जर्सीत मतदार मनावर घेतो तेव्हा काय होतं ते त्यावरून कळतं.

शिरीष, बुधवार ४ जून

पाकिटांचं असं ठरवलंय. मी तीन नेणार: लीलाकाकू, दत्ताकाका आणि त्यांच्या शेजारच्या आजी. विनायक तीन, मेधा तीन. पक्ष कोणताही असो, पाकीट बंद असतं. तिघेही त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बेअररची सही करणार, बैठकीत कोणी काही गोळा करणार नाही. ज्यांना स्वतः टाकायचंय त्यांना वसंतकाका शनिवारी दुपारी ड्रॉप बॉक्सपर्यंत नेतील. ड्रॉप बॉक्स १० तारखेला रात्री आठला बंद होतो. मतदान केंद्रावर मेल-इन पाकीट घेऊन जाऊ नका, तिथे ते घेत नाहीत.

कुमुदकाकू, बुधवार ४ जून

शिरीष, दत्ताकाकांचं बॅलट अजून आलेलंच नाही. काउंटी क्लार्ककडे फोन करायला त्यांच्याबरोबर कोणीतरी बसा, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही.

मेधा, बुधवार ४ जून

मी उद्या दहाला त्यांच्याकडे जाते.