बाडनवायलर : चेकॉव्हच्या आधीचं

बाडनवायलर म्हणजे १९०४ साली रशियन लेखक चेकॉव्ह जिथे वारला ते गाव, अशी त्याची ओळख सांगतात. खरंय, पण गावाची ओळख त्याच्याही १८०० वर्षं आधीची आहे.

नकाशात जर्मनीचा नैऋत्य कोपरा बघा. एका बाजूला ऱ्हाइनचं सपाट खोरं, दुसऱ्या बाजूला ब्लॅक फॉरेस्टची चढण. गाव नेमकं या सांध्यावर, ११६५ मीटर उंच ब्लाउएनच्या पायथ्याशी. डोंगराच्या कडेला जमीन खचून पडलेल्या भेगांतूनच कोमट पाणी वर येतं. तेही जेमतेम २६ अंशांचं, म्हणजे आपल्याकडच्या कुंडांसारखं चटका देणारं नव्हे!

रोमन लोकांनी ते पहिल्या शतकातच हेरलं आणि स्नानगृह बांधलं. १७८४ साली ते पुन्हा उजेडात आलं. मधोमध भिंत आणि दोन्हीकडे हुबेहूब सारखे हौद, बहुधा बायका-पुरुषांसाठी वेगळे. इथे पूजा व्हायची ती डायना अब्नोबाची : रोमन डायना आणि या डोंगरांची स्थानिक देवी, दोघी एकाच नावात. मला तरी सगळ्या अवशेषांत हे जोडनावच जास्त आवडतं. आता या अवशेषांवर काचेचं छप्पर आहे. गेलात तर हौदाच्या पायऱ्या जरूर बघा.