सोलापुरात घरची धिंगरी (ऑयस्टर मशरूम) : तळाला हिरवी बुरशी, वर पिनहेड सुकतात

जुळेसोलापूर_परसबाग

नमस्कार मंडळी. तळमजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत पांढऱ्या धिंगरीचे, म्हणजे फ्लोरिडा जातीचे, बेड (भुसकटाने भरलेल्या पिशव्या) लावले आहेत. सोयाबीनचं भुसकट आणि थोडा ज्वारीचा कडबा रात्रभर भिजवला, त्यावर उकळतं पाणी ओतलं, निथळून १४ बाय २२ इंची पिशव्यांत थरांनी भरला. अडचणी अशा :

काही पिशव्यांच्या तळाला हिरवा पट्टा आलाय. ज्या अळिंबीच्या तंतूंनी पूर्ण पांढऱ्या झाल्या त्यांवर पिनहेड (अळिंबीचे कोवळे कोंब) येतात, पण पिवळे पडून सुकतात. जे वाचतात त्यांचे देठ बोटभर लांब आणि छत्री बटणाएवढी. फेब्रुवारीतली हवा आत्ताच कोरडी झाली आहे, म्हणून खिडकी बंद ठेवून दिवसातून चार वेळा बेडवर स्प्रे मारतोय. काय बदलावं? आणि उन्हाळ्यात पीक घेता येईल का?

बार्शीची_अळिंबी

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

हिरवा पट्टा ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचा. वरून उकळतं पाणी ओतून भागत नाही. ते ढिगाच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर कोमट होतं. ड्रममध्ये पाणी ८० अंशांवर आणा, भुसकट पोत्यात भरून पूर्ण बुडवा, वर दगड ठेवा आणि तापमान तासभर ८० च्या आसपास राखा. थर्मामीटर पोत्याच्या मध्यात खुपसून बघा, कडेचा आकडा फसवतो. मग पोतं उतरत्या जागेवर निथळत ठेवा. बियाणं (धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली अळिंबी) घालताना भुसकट हाताला गार लागलं पाहिजे. ३५ अंशांच्या वर असेल तर बियाणं भाजतं आणि रिकाम्या जागी हिरवी बुरशी बसते.

दुसरं, ओल. मूठ घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार नको. तुमच्या मिश्रणात कडबा आहे, तिथे ही परीक्षा नीट लागू होत नाही, कारण ताटाच्या आतला भेंड पाणी धरून ठेवतो. बाहेरून काड बरोबर वाटतं आणि दोन दिवसांनी तेच पाणी पिशवीच्या तळाला उतरतं. तुमचा पट्टा तळालाच आहे, म्हणून मला हेच कारण जास्त वाटतं. कडबा वापरायचाच तर ताट ठेचून २-३ सेंमीचे तुकडे करा, जास्त वेळ निथळू द्या, आणि पिशवीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना भोकं पाडा. बाजूंना पेन्सिलीच्या टोकाएवढी वीस-पंचवीस भोकं पुरतात. सोयाबीनची काडी टोकदार असते, पिशवी फाडते. भरताना कडेला दाबू नका.

बियाणं ओल्या भुसकटाच्या ३ टक्के. १ किलो कोरडं भुसकट भिजून साधारण ३ किलो होतं, म्हणजे तेवढ्याला ९० ग्रॅम. बियाण्यात कंजुषी केली की बुरशीला रान मोकळं.

बाधित पिशव्या खोलीत उघडू नका. हिरवी पूड उडाली की बाकीचे बेडही जातील. बांधलेल्या तशाच बाहेर नेऊन मातीत पुरा.

अक्कलकोटरोड_शेड

पिनहेड आणि देठाचं मी सांगतो. सोलापुरातले बरेच जण इथेच अडकतात.

देठ लांब, छत्री बारीक याचा अर्थ खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला आहे. तुम्ही ओलावा टिकवायला खिडकी बंद केलीत, त्याने हवाच कोंडली. पिनहेड पिवळे पडण्यामागे दोन गोष्टी : खोलीतली हवा कोरडी, आणि पाणी थेट कोवळ्या पिनांवर बसणं. मोहरीएवढ्या पिनांवर साचलेला थेंब त्यांना कुजवतो.

खिडकी उघडा आणि तिला बारदान टांगून ते ओलं ठेवा; येणारी हवा गार आणि दमट होऊनच आत येईल. बारदानाच्या आत ४० मेशची (बारीक छिद्रांची) जाळी लावा, नाहीतर चिलटं बेडवर अंडी घालतात. जमिनीवर वाळूचा दोन इंची थर पसरून तो भिजवा, भिंतींवर पाणी मारा. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) बेडच्या उंचीला टांगा, आकडा ८० ते ८५ टक्के हवा. छत्र्या रुपयाच्या नाण्याएवढ्या झाल्यावर वरून बारीक धुकं चालेल. पाणी बोअरचं असेल तर फॉगरचे (धुकं फवारायच्या यंत्राचे) नोझल क्षाराने बुजतात, ते आठवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका पुरे, ऊन नको. छत्रीची कड खाली वळलेली असतानाच घड पिळून काढा. कड वर उलटली की बीजाणू झडतात आणि बंद खोलीत त्यांनी खोकला लागतो. तोडणीला मास्क लावाच.

मोहोळ_कृषी

उन्हाळ्याबद्दल. फ्लोरिडाला साधारण २० ते २८ अंश लागतात, आणि पिशवीच्या आत तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं हे धरून चाला. मार्च संपला की इथे ते शक्य नाही. गुलाबी धिंगरी ३०-३२ अंशांपर्यंत येते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो आणि ओलही देतो, त्यामुळे गुलाबी निघू शकते; पण दोन दिवस पाणी आलं नाही की सगळा माल गेला. घरच्यापुरतं करणाऱ्याने जुलै ते फेब्रुवारी एवढंच धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी, तेव्हा नुसती खेळती हवा द्या. गुलाबी जात तोडल्यावर एका दिवसात कोमेजते, हेही लक्षात ठेवा.

जुळेसोलापूर_परसबाग

मनापासून आभार. गरम पाण्याऐवजी फॉर्मेलिन (जंतुनाशक) आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) यांचं द्रावण वापरलं तर? आणि उत्पन्न किती धरावं?

बार्शीची_अळिंबी

ते प्रमाण १०० लिटर पाण्याला १२५ मिली फॉर्मेलिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम, वर प्लास्टिक झाकून १६-१८ तास. मोठ्या शेडवाल्यांचं इंधन वाचतं म्हणून ते वापरतात. राहत्या घरात फॉर्मेलिनची वाफ डोळ्या-घशाला झोंबते. लेकरंबाळं असतील तिथे नकोच. दहा-वीस पिशव्यांना गरम पाणी सहज पुरतं.

१ किलो कोरड्या भुसकटामागे तीन तोडण्या मिळून ६०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी धरा. निम्म्याहून जास्त पहिल्या तोडणीतच मिळते. दोन तोडण्यांमध्ये आठ-दहा दिवस जातात. तेवढ्यात उरलेले देठाचे खुंट खरवडून काढा, त्यांवरच पुढची बुरशी येते. बियाण्यासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडे विचारा, आणि बाटली किंवा पिशवी घेताना दाणे पांढरेशुभ्र आहेत ना ते बघा. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबूस वास असेल तर परत करा.