वेब डेव्हलपमेंट शिकताना व्हिडिओ पाहावेत की डॉक्युमेंटेशन वाचावे?

पर्वरीकर:
काल येथे एका सदस्याने नवख्यांना सल्ला दिला की, यूट्यूबवरचा बारा तासांचा एकच कोर्स पाहावा, डॉक्युमेंटेशन (तंत्रज्ञानाची लेखी संदर्भमाहिती) वाचण्यात वेळ दवडू नये. हे वाचून गप्प बसवले नाही. व्हिडिओ एकदा चढवला की त्यातले काहीच बदलत नाही. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट साधनसंचाचे असंख्य जुने कोर्स क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या नवा प्रकल्प उभारून देणाऱ्या साधनापासून सुरू होतात आणि रिअ‍ॅक्टच्याच चमूने फेब्रुवारी २०२५ मध्ये ते साधन नव्या प्रकल्पांसाठी मोडीत काढले. मुलगा पहिल्याच कमांडला अडतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. एमडीएन या संदर्भ संकेतस्थळावर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपाने घडवण्याच्या भाषा वाचाव्यात, द ओडिन प्रोजेक्ट या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाचा क्रम धरावा आणि रिअ‍ॅक्टला सर्वांत शेवटी हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळपईकर:
पर्वरीकर बाब, तो सल्ला माझाच होता. आपले मत इंग्रजी सहज वाचणाऱ्यांपुरते खरे आहे. मी मराठी शाळेतून आलो. एमडीएनवरचे बॉक्स मॉडेलचे (घटकाभोवतीच्या जागेच्या हिशेबाचे) पान वाचून मला काही उमगले नव्हते, आणि हिंदीत शिकवणाऱ्या एका मुलाने मार्जिन व पॅडिंग पडद्यावर कमीजास्त करून दाखवले तेव्हा ते लख्ख समजले. शिवाय ओडिनला विंडोजवर थेट केलेले काम चालत नाही. लिनक्स, मॅक किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) लागते. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्सचा आभासी संगणक, चालवून पाहा आणि मग उपदेश करा.

डिचोलीची शिक्षिका:
भाषेची अडचण मला मान्य आहे, परंतु व्हिडिओचा कैवार वाळपईच्या सत्तरी तालुक्यातून घेतला जावा याचे नवल वाटते. जूनमध्ये पाऊस धरला की आधी वीज जाते आणि तिच्यामागून मोबाइलचा टॉवर. माझ्या विद्यार्थ्यांना मी डेव्हडॉक्स हे अनेक संदर्भ एकत्र देणारे संकेतस्थळ वापरायला लावते. हवे ते विषय एकदा उतरवून घेतले की एमडीएनचा संदर्भ ब्राउझरमध्येच साठतो आणि नेटविना वाचता येतो.

वाळपईकर:
बाई, वीज नसताना लॅपटॉप तरी किती वेळ तग धरतो? व्हिडिओही फोनवर उतरवून ठेवता येतात. सत्तरीतला पाऊस आम्हाला डिचोलीहून कोणी समजावू नये.

डिचोलीची शिक्षिका:
डिचोलीत काय ऊन पडते? उतरवलेल्या बारा तासांच्या व्हिडिओत सीएसएसमधल्या फ्लेक्सबॉक्स मांडणीचा नेमका गुणधर्म शोधायला किती वेळ लागतो, एवढेच सांगा. मजकुरात तो शब्द टाकताच सापडतो.

म्हापशेकर:
आपण पावसावर भांडत राहा. खरी लूट क्लासवाले करतात. एका क्लासने माझ्या भाच्याकडून भरमसाट फी घेतली आणि डब्ल्यूथ्रीस्कूल्स या शिकवणी संकेतस्थळाची पाने जशीच्या तशी वाचून दाखवली, वर ते वेबमानकांचे अधिकृत संकेतस्थळ असल्याचेही सांगितले. ते १९९८ पासून एक नॉर्वेजियन कंपनी चालवते, वेबमानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेशी त्याचा संबंध नाही.

पर्वरीकर:
क्लासवर वेगळी चर्चा करावी. वाळपईकर, उपदेश म्हणून हिणवणे सोपे आहे. माझ्याकडे मुलाखतीला येणारी मुले व्हिडिओत पाहिलेले कामांच्या यादीचे टूडू अ‍ॅप हुबेहूब बांधतात. त्यात तारखेनुसार क्रम लावायला सांगितले की हात थांबतात. अशांना मी कामावर कसे घ्यावे?

वाळपईकर:
वाचूनही नुसती नक्कलच करणारे मी पाहिले आहेत, तेव्हा त्याचे खापर व्हिडिओवर फोडू नये. कळंगुटमधल्या एका गेस्ट हाऊसचे संकेतस्थळ मी एकट्याने उभे केले आणि माझी सुरुवात व्हिडिओनेच झाली होती. सीएसएसच्या ग्रिड मांडणीत रुंदीची मर्यादा ठरवणाऱ्या मिनमॅक्सचे बारकावे मात्र मला एमडीएनवरच पाहावे लागतात; एवढ्याने आपले समाधान होणार असेल तर खुशाल व्हावे.

पर्वरीकर:
झाले. रॅमबाबतचा आपला आक्षेपही नाइलाजाने स्वीकारतो. ज्यांचा लॅपटॉप ४ जीबीचा आहे त्यांनी ओडिनऐवजी फ्रीकोडकॅम्प या मोफत शिकवणी संकेतस्थळापासून आरंभ करावा. तेथील सुरुवातीचे धडे ब्राउझरमध्येच सोडवता येतात, काही बसवावे लागत नाही. रिअ‍ॅक्ट मात्र शेवटीच.