मदत हवी आहे: नाशिकमध्ये फॅमिली रेस्टॉरंट, गंगापूर रोड की पाथर्डी फाटा?

मंडळी, नमस्कार. मी आणि बायको मिळून नाशिकला घरच्यांना घेऊन येता येईल असं शुद्ध शाकाहारी हॉटेल काढायचं म्हणतोय. दोन जागा नजरेत आहेत आणि घरात दोन तट पडलेत.

गंगापूर रोडचा गाळा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. सासरे गुडघेदुखीवाले, त्यांना दाखवायला नेलं तर आठव्या पायरीवर कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जेवण वर, भूक खाली." तिथेच माझं मन अर्धं उडालं. पार्किंगही जेमतेम चार गाड्यांचं. पण वस्ती खाणाऱ्यांची, हे खरं.

पाथर्डी फाट्याची जागा तळमजल्यावर, पुढे मोकळं अंगण. मुंबई-आग्रा महामार्ग जवळ. भाडं कमी, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी कोण येणार?

कल्पना अशी: सकाळी मिसळ (नाशकात रविवार तिच्याशिवाय उजाडतच नाही), दुपारी थाळी, रात्री पिठलं-भाकरी, मांडे. अंगणात झोपाळा आणि वाळूचा हौद. बायको म्हणते, पंजाबी-चायनीज ठेवलंच पाहिजे, पोरं तेच मागतात. मला ते नकोय.

२०२७ च्या सिंहस्थाची गर्दी धरून हिशेब करावा का? की ती संपल्यावर भाडं अंगावर येईल? हॉटेल चालवलेल्यांनी सांगा, एसी नसलेल्या जागेत एप्रिल-मे कसा काढता? आणि मांडे करणाऱ्या बायका कुठे मिळतील?