नाशिकमध्ये रेडिओवर पुणे ७९२, मुंबई ५५८ किलोहर्ट्झ : अँटेना की नवा सेट?

गंगापूर रोड : आरसीसी इमारत, तिसरा मजला. एफएम १०१.४ खणखणीत. मीडियम वेव्हवर मात्र पुणे खरखरीखाली दबलेलं, मुंबई जेमतेम. रात्री आवाज वाढतो, पण मधेच बुडतो. गच्चीवर वायर टाकू की सेट बदलू?

सातपूर : तूर्त दोन्ही नको. सेट सेलवर चालवा आणि घरचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरातच आहे : एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर. एकेक चालू करून पकडा. लांब वायर हीच घाण जास्त गोळा करेल.

मग सेट खिडकीत आणा, स्लॅबमधलं लोखंड सिग्नल खातं. आतली फेराइट रॉड, म्हणजे सेटचा मीडियम वेव्ह अँटेना, स्टेशनला आडवी हवी. पुणे जवळपास सरळ दक्षिणेला, म्हणून रॉड पूर्व-पश्चिम. मुंबई नैर्ऋत्येला, तेव्हा वायव्य-आग्नेय. रॉडचं टोक स्टेशनकडे गेलं की आवाज पडलाच.

देवळाली : डिजिटल ट्यूनिंग असेल तर स्टेप, म्हणजे एका टप्प्याची उडी, ९ किलोहर्ट्झवर आहे ना? १० वर असेल तर ५५० नंतर थेट ५६०, ५५८ नेमकं लागणारच नाही.

गंगापूर रोड : स्टेप १० वरच होती! चोर चार्जर निघाला. पुणे सुधारलं, मुंबई अजून पुसट.

सातपूर : लूप अँटेना करा. ६० सेंमी बाजूची लाकडी चौकट, इन्सुलेटेड वायरचे ११ वेढे, दोन वेढ्यांत ६ मिमी अंतर. वायर २७ मीटर लागेल. दोन्ही टोकं जुन्या व्हॉल्व्ह सेटच्या ५०० पिकोफॅरड गँगच्या (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) एकाच भागाला. पॉकेट रेडिओचा गँग ५५८ पर्यंत उतरत नाही, त्याला ३०० चा कंडेन्सर समांतर जोडा. लूपची कड मुंबईकडे, सेट लूपजवळ, रॉड लूपच्या प्रतलाला काटकोनात. सेटला वायर जोडायची नाही. गँग फिरवा, एका जागी आवाज एकदम उसळेल. उसळला नाही तर वेढे मोजा.

गंगापूर रोड : आणि रात्रीचं बुडणं?

देवळाली : त्याला लूपही पुरत नाही. दिवसा आयनांबराचा (वातावरणाचा विद्युतभारित वरचा भाग) खालचा डी थर आकाशाकडे गेलेली लाट शोषतो, येते ती फक्त जमिनीलगतची. रात्री तो थर विरतो आणि वरून परतलेली लाट तिच्यात मिसळते. दीडशे किलोमीटरच्या आसपास दोन्ही तुल्यबळ होतात, कधी जुळतात, कधी एकमेकींना मारतात. तुम्ही नेमके त्याच पट्ट्यात. मुंबईचंच दुसरं स्टेशन ११८८, ते दिवसा मागू नका. फ्रिक्वेन्सी वर गेली की सह्याद्रीच्या कोरड्या बेसाल्टवर जमिनीची लाट लवकर मरते.