मदत हवी आहे: बाबांच्या हातात ताकद आली, पण हात कुठे आहे हेच त्यांना कळत नाही

बाबांना (वय ६८) पक्षाघात होऊन सात महिने झाले. डावी बाजू गेली होती. आता खांदा उचलतात, कोपर सरळ करतात, मूठही घट्ट आवळतात. फुगल-मायर तपासणीत हाताला ६६ पैकी ५८ गुण मिळाले. म्हणजे कागदावर हात जवळजवळ बरा!

पण नजर दुसरीकडे वळली की डाव्या हातातला कप कलंडतो आणि त्यांना पत्ताच नसतो. शर्ट घालताना हात बाहीत कुठे अडकलाय, ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. "माझा हात हरवतो," असं ते म्हणतात. डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला, तेव्हा मात्र बरोबर ओळखलं. झालं, 'संवेदना ठीक' अशी नोंद.

आता फिजिओ किनार्म नावाच्या रोबोवर तपासणी करून घ्या म्हणतात. रोबो डावा हात एका जागी नेणार, बाबांनी न बघता उजवा हात आरशातल्यासारखा त्याच जागी न्यायचा. माझी शंका: चूक उजव्या हाताने केली, तर दोष डाव्याचा कसा? आणि रिपोर्टमधला 'टास्क स्कोअर' कसा वाचायचा?

प्रतिसाद (न्यूरो फिजिओ आहे):
ते ६६ गुण फक्त हालचालीचे, संवेदना त्यात धरलेलीच नाही. आणि अंगठ्याच्या तपासणीत उत्तरं दोनच, निम्मी तर अंदाजानेही बरोबर येतात.

शंका रास्त आहे. डावा हात रोबो हलवतो, त्यामुळे त्याच्या ताकदीचा प्रश्न येत नाही. तो कुठे आहे हे मेंदूला कितपत कळलं, ते उजवा दाखवतो. पण 'चांगला' हातही कधीकधी पूर्ण चांगला नसतो. म्हणून समोरच्या ठिपक्याकडे हात नेण्याची चाचणी दोन्ही हातांची करून घ्या. त्यात हात निघायला किती वेळ लागला, पहिली दिशा किती चुकली, हे वेगवेगळं दिसतं. बाबांच्या मेंदूचं डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतंय का (म्हणजे त्या बाजूचं त्यांच्या लक्षातच येत नाही का), हेही आधी तपासायला सांगा, नाहीतर निकालाचा अर्थ लावताना घोळ होईल.

टास्क स्कोअर म्हणजे एका चाचणीतल्या सगळ्या मोजमापांचा मिळून एक आकडा. ० म्हणजे उत्तम. १.९६ च्या वर गेला, तर ९५ टक्के निरोगी माणसांच्या मर्यादेबाहेर. तुलना वय वगैरे लक्षात घेऊन केलेली असते.

धागाकर्ती:
धन्यवाद! दुर्लक्षाची तपासणी झालेलीच नाही. जेवताना ताटाची डावी बाजू तशीच राहते, ते आम्ही नावडतं असेल म्हणून सोडून देत होतो. उद्याच विचारते.