मुदतवाढ: परदेशातली स्वयंसेवा आणि घरी करायचा तो एक फोन

पर्वतीपायथा:
सकाळी भाचीचा मेसेज आला. टांझानियात एका शाळेत शिकवते, ऑगस्टात परत यायची होती. 'आत्या, सहा महिने वाढवतेय. आईला तू सांग ना.' फोडणीतला कढीपत्ता जळला माझा.

मीही हेच केलं होतं. २००६ च्या सप्टेंबरात वर्षभरासाठी इथिओपियात गेले, ताना सरोवराकाठी बाहिर दारला, नर्सिंगच्या मुलींना शिकवायला. वर्ष संपत आलं तेव्हा पहिल्या बॅचच्या परीक्षेला पाच महिने होते आणि माझ्या जागी कोणी मिळत नव्हतं. सहा महिन्यांचा अर्ज दहा मिनिटांत लिहून दिला. घरी सांगायला मात्र दहा दिवस लागले. रोज फोनच्या दुकानात रांग लावायची आणि नंबर आला की 'खडकवासला धरण भरलं का' विचारून ठेवून द्यायचा. शेवटी बोलले. आई गप्प. मग म्हणाली, "गौरींना साड्या कोण नेसवणार यंदा?" बस, एवढंच.

बाबा बरे. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं, आणि आपल्या २००७ च्या सप्टेंबरात त्यांचं २००० साल लागलं. बाबा म्हणाले, "सात वर्षांनी तरुण होऊन ये मग."

तुम्ही कोणी वाढवली होती का मुदत? घरी कसं सांगितलंत? वहिनी संध्याकाळी येणार आहे.

कर्वेरोडचा_गण्या:
मी सांगितलंच नाही. २०१५ चा नेपाळचा भूकंप, तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. आपल्याला व्हिसा लागत नाही तिकडे, त्यामुळे कागदावर मुदत अशी नव्हतीच. पावसाआधी वरच्या गावांत छपरांचे पत्रे पोचवायचे होते. एक गाव झालं की पुढचं दिसायचं. चार महिने. ऑफिसचा मेल आला, 'कधी रुजू होणार'. सिंधुपालचोकच्या रस्त्यावर रेंज मिळेल तिथे उभा राहून 'लवकरच' लिहिलं. नोकरी गेली. सविस्तर नंतर लिहितो, मुलाला क्लासला सोडायचंय.

भाकरीपिठलं:
नंतर म्हणजे पुढच्या भूकंपाला का?

सिंहगडरोडवरची:
मी पलीकडच्या बाजूची. नवरा दोन वर्षांसाठी गेला होता, तिसरं वाढवून घेतलं. तिकडे सगळे त्याला म्हणाले वा वा. इकडे सोसायटीची मीटिंग, सासूबाईंचं मोतीबिंदू, लेकीची दहावी आणि बंद पडलेली मोटर, सगळं मी. मुदतवाढ त्याची आणि सक्तमजुरी माझी 😀 राग त्या वर्षाचा नाही हो. मला विचारलं नाही, कळवलं. वहिनींना सांगताना 'ठरवलंय' म्हणू नका, 'विचार चाललाय' म्हणा.

पर्वतीपायथा:
@सिंहगडरोडवरची, हे बरोबर आहे. पण भाची खोटं बोलतेय असं नाही का होणार, तिची सही तर झालीये.

जुबारिटर्न:
संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक होतो, दक्षिण सुदान. आंतरराष्ट्रीय नेमणूक साधारण वर्षाची, मग नूतनीकरण, सगळी मिळून चार वर्षांची मर्यादा. २०१३ च्या नोव्हेंबरात वाढीवर सही केली, घरी पेढे वाटले म्हणे. १५ डिसेंबरला जुबात, म्हणजे तिथल्या राजधानीत, गोळीबार सुरू झाला. आठवडाभर राहायच्या कंटेनरमध्येच, मग विमानाने बाहेर. आई अजून म्हणते पेढ्यांना दृष्ट लागली. (मी फेब्रुवारीत परत गेलो. ते बाबांनाच माहीत होतं.)

सदाशिवपेठी:
भावना नंतर, आधी कागद. कामाचा परवाना संपायच्या आत वाढवून घ्यायला सांगा. पासपोर्टची मुदत बघा. पीतज्वराच्या लसीचं कार्ड असेल तर ते जपून ठेवा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखं दहा वर्षांनी लस परत टोचून घ्यायला नको. आणि विमा वाढलाय का हे लेखी घ्या, तोंडी नको.

भाकरीपिठलं:
काका, तुम्ही स्वतः कुठे गेला होतात?

सदाशिवपेठी:
कुठेही नाही. मुलगा गेला होता.

नाचणीसत्त्व:
विषयाला सोडून आहे, पण इथिओपियाचं ते इंजेरा, आंबवलेल्या पिठाचं धिरडं, इथे कोणी करून बघितलंय का? त्याचं धान्य, टेफ, मिळत नाही. नाचणी तीन दिवस आंबवली, घरभर वास.

पर्वतीपायथा:
नाचणीचं जरा जड होतं. पातळ कर आणि एकाच बाजूने भाज, उलटायचं नाही. पहिल्या महिन्यात मला ती बिघडलेली आंबोळी वाटायची. शेवटच्या महिन्यात त्याशिवाय जेवण जात नव्हतं. मुदतवाढीच्या अर्जात हे कारण लिहिता येत नाही.

कर्वेरोडचा_गण्या:
आलो परत. नोकरी गेल्याचं आईला अजूनही माहीत नाही, तिला वाटतं मी बदलली. एवढंच सविस्तर.

सिंहगडरोडवरची:
पर्वती, वहिनी आल्या का?

पर्वतीपायथा:
आली, चहा घेऊन गेली. मी आपली 'विचार चाललाय' पासून सुरुवात केली. ती म्हणाली, "ताई, ऑगस्टात परत येणारी पोरगी जुलैत दोन किलो मेतकूट मागवेल का? तेव्हाच कळलं मला. पार्सल गेलं पण परवाच." मग थोडी रडली. मीही.

नाचणीसत्त्व:
😢 मेतकूट घरचं की विकतचं?

पर्वतीपायथा:
घरचं. गहू जरा जास्त भाजते ती.